जुना वर्ड, नवी विंडोज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ, कोर्टाच्या आसपास टायपिंग आणि डीटीपीचं काम करताना हे प्रश्न रोज कुणीतरी विचारतं. विचारणारे बहुतेक वकील, दस्त लिहिणारे, निवृत्त शिक्षक, दिवाळी अंकवाले आणि सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांचे हिशेबनीस. वर्ड २००३, त्याहून जुना वर्ड, विंडोजआधीच्या डॉसवरचा वर्डस्टार किंवा जुने मराठी फॉन्ट यांवर ज्यांचा हात बसला आहे आणि ज्यांना तो मोडायचा नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ‘टाका ते जुनं, नवीन घ्या’ हा सल्ला कुठल्याही शोरूममध्ये फुकट मिळतो, म्हणून इथे दिलेला नाही.

विंडोज १० बंद झाली म्हणजे माझा संगणक बंद पडणार का?

नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं, एवढंच. संगणक सुरू होईल, वर्ड उघडेल, प्रिंट निघेल. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ही मुदत पैसे न देता मिळते.

संगणक नेटला जोडलेला असेल तर हे मनावर घ्या. नेटशिवाय फक्त टायपिंगला असेल, तर घाबरून पुढच्या आठवड्यात नवीन मशीन आणायची गरज नाही.

माझ्या संगणकावर विंडोज ११ का बसत नाही? चांगला चालतोय की.

चालतोय हे खरं, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीच्या मशीनवर ‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा निरोप येतो. आडमार्गाने बसवून देणारे आहेत. कामाच्या मशीनवर आम्ही ते करत नाही.

नवीन संगणक घेतला तर त्यावर वर्ड २००३ चालेल का?

बहुतेक वेळा चालतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. प्रोग्रॅम १६ बिटचे, ३२ बिटचे आणि ६४ बिटचे असतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ६४ बिटची विंडोज ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवते, १६ बिटचे मात्र अजिबात नाही. वर्ड २००३ हा ३२ बिटचा आहे, म्हणून तो तरला. विंडोज ३.१ च्या काळातला वर्ड ६ आणि डॉसवरचे बहुतेक प्रोग्रॅम १६ बिटचे आहेत. त्यांना थेट प्रवेश नाही, बाजूचा दरवाजा आहे. तो पुढे सांगितला आहे.

वर्ड २००३ बसवताना सर्व्हिस पॅक ३, म्हणजे कंपनीने दिलेल्या दुरुस्त्यांचा संच, सुद्धा बसवा. नव्या बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर अक्षरं धुरकट दिसली तर वर्डच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथून हाय डीपीआय सेटिंग बदलून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

कंपनीचा सपोर्ट संपलेला प्रोग्रॅम वापरणं बेकायदा आहे का?

नाही. वर्ड २००३ चा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज एक्सपीचाही त्याच दिवशी. तुम्ही विकत घेतलेल्या प्रतीचा परवाना त्यामुळे संपत नाही. मित्राच्या सीडीवरून टाकलेली प्रत मात्र तेव्हाही बेकायदा होती आणि आजही आहे.

मुलगा म्हणतो, “पप्पा, अजून काय ते डबडं वापरता? गूगल डॉक्स घ्या.” त्याला काय सांगू?

त्याचं निम्मं बरोबर आहे. चार जणांनी मिळून एकाच मजकुरावर काम करायचं असेल, मोबाइलवर वाचायचं असेल, पुण्याच्या भागीदाराला दुरुस्त्या दाखवायच्या असतील, तर नवीन साधनाला तोड नाही.

उरलेल्या निम्म्यात तुमची बाजू भक्कम आहे. वर्ड २००३ डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतो. खातं मागत नाही, पासवर्ड मागत नाही, नेट गेलं तरी कुरकुरत नाही. महत्त्वाचं म्हणजे त्याची बटणं जागची हलत नाहीत. २००७ साली वर्डमध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली, तेव्हा वीस-वीस वर्षं टाइप करणारी माणसं ‘टेबल कुठे गेलं?’ विचारत आमच्याकडे यायची. ज्याचं पोट टायपिंगवर आहे त्याला नवी सोय मिळण्यापेक्षा जुनी सोय जागेवर असणं जास्त मोलाचं असतं. हे कंपन्यांना कळत नाही, कारण बटणं हलवणाऱ्यांना दिवसाला चाळीस पानं टाइप करावी लागत नाहीत.

आणि हा हट्ट फक्त आपल्याकडचा नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांच्या कादंबऱ्यांवरून आलं ते जॉर्ज आर. आर. मार्टिन नेट नसलेल्या डॉसच्या संगणकावर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मुलाला हे सांगा. त्याने ती मालिका नक्की बघितली असेल.

जुनी मराठी फाइल नव्या संगणकावर उघडली की सगळं अगम्य दिसतं. फाइल खराब झाली का?

फाइल शाबूत आहे. फॉन्ट नाही.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. ती येण्याआधी, आणि आल्यावरही आपल्याकडे बरीच वर्षं, मराठी टायपिंग म्हणजे एक युक्ती होती. संगणकाला वाटायचं की आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय. फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे तुकडे दाखवायचा. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की टोप्या-टिंबं लावलेली इंग्रजी अक्षरं. शिवाय प्रत्येकाची मांडणी निराळी. श्री-लिपीचा तक्ता वेगळा, सीडॅकच्या आयएसएमचा वेगळा, आकृतीचा वेगळा, कृतिदेवचा आणि शिवाजीचा त्याहून वेगळा. एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला की वाचता न येणारं काहीतरी तिसरंच उमटतं.

म्हणून आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: वर्ड जुना ठेवायचा तर खुशाल ठेवा, मजकूर मात्र जुन्या फॉन्टच्या ओलीस ठेवू नका. लोक प्रोग्रॅमच्या नावाने भांडत बसतात. वर्ड २००३ मध्ये बनवलेली डॉक फाइल आजचा वर्डही उघडतो आणि लिबरऑफिस हा वर्डसारखाच दुसरा प्रोग्रॅमही. अडतं ते फॉन्टपाशी. ज्या फॉन्टच्या सीडीचा पत्ता नाही त्यात अडकलेली दहा वर्षांची वकिली ही खरी काळजीची गोष्ट आहे.

तातडीचा उपाय: जुना संगणक चालू असेल तर त्याच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. आजच. ते ट्रू टाइप फॉन्ट विंडोज ११ वरही बसतात आणि मजकूर पुन्हा वाचता येतो.

फॉन्ट बसवला, पण टाइप करताना मधेच चुकीची अक्षरं येतात. का?

हा नव्या वर्डचा आगाऊपणा आहे. त्याच्या लेखी तुम्ही इंग्रजी लिहिताय, त्यामुळे वाक्याचं पहिलं अक्षर तो आपोआप कॅपिटल करतो. जुन्या फॉन्टमध्ये लहान आणि कॅपिटल ही दोन वेगळीच मराठी अक्षरं असतात. तुम्ही एक दाबता, स्पेस दिली की दुसरंच होऊन बसतं. सरळ अवतरणचिन्हाचं वळलेलं करायची सवयही असाच घोळ घालते. ऑटोकरेक्टमध्ये जाऊन सगळ्या खुणा काढून टाका, स्पेलिंगची तपासणी बंद करा. पानभर लाल रेघाही जातील.

इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत. त्यांनी युनिकोड केलं तर सगळं बरोबर येतं का?

बरंचसं येतं. उरलेलं इतकं बेमालूम चुकतं की दस्त नोंदवून झाल्यावर लक्षात येतं. आम्ही तपासताना ठरावीक जागांवर बोट ठेवतो.

‘आर्थिक’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप व्हायचं: आ, मग वेलांटी, मग थ, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरला वेलांटी उचलून थ च्या पुढे न्यायची असते आणि रफार उचलून थ च्या मागे आणायचा असतो. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की साधे कन्व्हर्टर गडबडतात. ‘वार्षिक’, ‘मार्मिक’, ‘धार्मिक’ हे शब्द शोधून बघा, कन्व्हर्टरची लायकी कळते.

दुसरी जागा ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘वाऱ्यावर’. हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या कन्व्हर्टरला आपला हा अर्धा र माहीतच नसतो. तो त्याचा रफार करून टाकतो. सातबाऱ्याच्या कामात ‘शेतकऱ्या’ची अशी मोडतोड झालेली चालत नाही.

तिसरी जागा खास वकिलांसाठी. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे एकसंध अक्षर २००८ साली आलं. त्याआधी अ वर चंद्र चढवून काम भागवायचे आणि कित्येक कन्व्हर्टर अजूनही तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाच्या दृष्टीने वेगळे. त्यामुळे यादीत ‘ॲड.’ शोधलं की निम्मे वकील सापडत नाहीत.

शेवटची जागा मराठी मजकुरातलं इंग्रजी. पॅन नंबर, गाडीचा नंबर, कंपनीचं नाव. नुसता मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरच्या चौकटीत टाकला तर तो बिचारा या इंग्रजीचंही मराठी करून मोकळा होतो. फॉन्ट ओळखून फक्त मराठी भाग बदलणारं साधन वापरा, नाहीतर नंबर एकेक करून मूळ प्रिंटशी ताडून बघा.

मग सगळ्या जुन्या फाइली युनिकोड करून घेऊ का?

नको. वेळ आणि पैसा दोन्ही वाया जाईल. ज्या मजकुरात अजून हात घालायचा आहे तेवढाच बदला: करारनाम्यांचे नमुने, संस्थेची घटना, पुस्तकाचं हस्तलिखित. निकाली निघालेल्या कामांची पीडीएफ करून ठेवा. वर्ड २००३ ला स्वतःला पीडीएफ करता येत नाही, पण विंडोज १० आणि ११ मध्ये प्रिंट देताना ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडलं की काम होतं. अशी पीडीएफ वाचता येते, छापता येते. तिच्यात शब्द मात्र शोधता येत नाही, कारण आत तेच जुने तुकडे असतात. म्हणून फाइलला नाव देताना पक्षकाराचं नाव, वर्ष आणि विषय त्यातच लिहा.

पीडीएफ झाली म्हणून मूळ फाइल पुसू नका.

वर्ड २००३ मध्येच युनिकोड मराठी लिहिता येतं का?

येतं, आणि छान येतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. युनिकोडसाठी वर्ड बदलावाच लागतो असं नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा आणि कीबोर्ड चालू करा आणि वर्ड २००३ मध्ये लिहायला लागा.

एकच खोड: ‘मंगल’ हा फॉन्ट आता नव्या विंडोजमध्ये सुरुवातीपासून नसतो. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यावे लागतात. तोवर निर्मला वापरा, तो आयताच असतो. जुन्या फाइलमध्ये मंगल असेल आणि नव्या मशीनवर नसेल, तर वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो आणि ओळी खालीवर होतात.

माझी बोटं टायपरायटरची आहेत. इनस्क्रिप्ट शिकायला लावू नका.

लावत नाही. ज्यांनी गोदरेजच्या टायपरायटरवर तीस आणि चाळीसच्या परीक्षा दिल्या त्यांच्या बोटांना आता वेगळं वळण लावणं म्हणजे छळ आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कीबोर्ड आयता मिळतो, २०१९ पासून फोनेटिकही, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा. टायपरायटरची, म्हणजे रेमिंग्टनची मांडणी वेगळं साधन बसवून घ्यावी लागते, पण ती मिळते आणि युनिकोडमध्ये उमटते. पहिले काही दिवस रफार आणि वेलांटीपाशी हात अडखळतो. नंतर बसतो.

ज्यांना नव्यानेच शिकायचं आहे त्यांनी मात्र सरळ इनस्क्रिप्ट शिकावं.

जुन्या मराठी सॉफ्टवेअरचा लॉक आहे, तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही, आणि नव्या संगणकाला तो लावायची जागाच नाही.

तो प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला बसणारा लॉक असेल, तर नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. बाजारात यूएसबी ते पॅरलल अशी वायर मिळते. ती प्रिंटरसाठी असते, लॉकसाठी सहसा चालत नाही. घेऊन पैसे घालवू नका. डेस्कटॉप असेल तर पॅरलल पोर्टचं कार्ड आत बसवून बघता येतं, खात्री नाही.

यूएसबी लॉक असेल तर आशा जास्त. तरी त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजला चालतो का हे बघावं लागतं. दोन्हीत शहाणपणाचा मार्ग हाच, की लॉकसकट जुनं मशीन चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढून घ्या. लॉक दुरुस्त होत नसतात. ते एक दिवस जातात.

समोरच्या पार्टीने डॉकएक्स फाइल पाठवली, माझ्या वर्डमध्ये उघडत नाही.

डॉकएक्स हा प्रकार २००७ च्या ऑफिसपासून आला. जुन्या वर्डला तो समजावा म्हणून मायक्रोसॉफ्टचा एक छोटा पॅक मिळायचा, तो कंपनीने २०१८ मध्ये काढून घेतला. आता सोपा उपाय लिबरऑफिस. फुकट आहे. त्यात डॉकएक्स उघडायची आणि डॉक म्हणून सेव्ह करायची. मेनू जुन्या वर्डसारखेच वरून खाली उघडणारे, त्यामुळे परकं वाटत नाही. आमच्याकडचे काही जण ‘थोडा वेळ वापरतो’ म्हणून घेऊन गेले आणि तिकडेच रमले.

उलट बाजूने, तुम्ही पाठवताना डॉकच पाठवा. ती सगळ्यांकडे उघडते.

नव्या वर्डमध्ये माझी फाइल उघडली की पानं सरकतात. पान १४ वरचा मजकूर १५ वर जातो.

याची कारणं तीन. फॉन्ट बदलला असेल. प्रिंटर बदलला असेल, कारण जुना वर्ड ओळी मोडताना निवडलेल्या प्रिंटरचाही विचार करतो. किंवा तुम्ही ‘कन्व्हर्ट’ बटण दाबलं असेल. फाइलच्या नावापुढे ‘कंपॅटिबिलिटी मोड’ असं दिसतं तोवर नवा वर्ड जुन्या पद्धतीने पान मांडायचा प्रयत्न करतो. कन्व्हर्ट केलं की तो स्वतःचं डोकं चालवतो.

दाव्यात ‘निशाणी अमुक, पान तमुक’ असे दाखले दिलेले असतील तर हे महागात पडतं. म्हणून अंतिम प्रत ज्या मशीनवर तयार झाली त्याच मशीनवर पीडीएफ करा आणि पुढे तीच फिरवा.

वर्डस्टार वापरणारं अजून कुणी आहे का?

आहे. एक निवृत्त मुख्याध्यापक आजही कंट्रोल-के-डी दाबून सेव्ह करतात आणि माऊसला हात लावत नाहीत. त्यांचा वेग बघितला की वाद घालायची इच्छा राहत नाही.

वर्डस्टार १९७८ मधला. डॉसवरची शेवटची मोठी आवृत्ती ७.०. विंडोज ११ वर तो थेट चालत नाही, पण डॉसबॉक्स-एक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम विंडोजच्या पोटात एक छोटासा डॉस उभा करतो आणि त्यात वर्डस्टार पूर्वीसारखा चालतो. कॅनडाचे विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये वर्डस्टार ७.० चा सगळा संच, पुस्तिकांसकट, लोकांसाठी नेटवर ठेवला. स्वतः ते कित्येक वर्षं वर्डस्टारमध्येच लिहीत आले आहेत.

जुन्या वर्डस्टारची फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसेल. फाइल बिघडलेली नसते. ओळ दोन्ही बाजूंनी सारखी करण्यासाठी तो प्रोग्रॅम शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आतून एक खूण करत असे. ती खूण काढणारी साधनं आहेत, हाताने दुरुस्त करत बसू नका. ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन लिहिलेल्या आज्ञाही तशाच दिसतात. त्या मजकुरात नाहीत, पान कसं छापायचं ते सांगणाऱ्या आहेत.

डॉसमधलं मराठी, म्हणजे भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड संगणकात बसवून लिहिलेलं, हा निराळा विषय आहे. तो मजकूर इस्की या भारतीय मानकात असतो आणि गंमत म्हणजे फॉन्टच्या युक्तीवाल्या फाइलींपेक्षा त्याचं युनिकोड करणं सोपं जातं, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली आहे.

एक्सपीचं जुनं मशीन तसंच ठेवलं तर चालेल का?

चालेल. अट एकच, नेटची वायर काढा आणि वायफाय बंद करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या हल्ल्याने जगभरची, अपडेट न केलेली विंडोज असलेली मशीन कुलूपबंद केली होती. तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीलासुद्धा अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. दर वेळी देतील असं नाही.

नेट काढलं की फाइली पेन ड्राइव्हने न्यायच्या. नव्या विंडोजला एक्सपीचं शेअर केलेलं फोल्डर तसंही दिसत नाही, कारण फाइल शेअरिंगची ती जुनी पद्धत आता बंद असते. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करा आणि नव्या संगणकावर उघडण्याआधी स्कॅन करा. बाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेन ड्राइव्ह एक्सपीला लावायचा नाही, आमच्या दुकानातलासुद्धा.

तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. मशीन महिनोन्महिने बंद ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

जुनं मशीन न ठेवता तेच वातावरण नव्या संगणकात आणता येईल का?

येईल. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स हा फुकट प्रोग्रॅम टाकायचा, त्यात एक्सपी बसवायची, तिच्यात वर्ड, फॉन्ट, सगळं. जुन्या चालू मशीनची हार्ड डिस्क जशीच्या तशी उचलून आत ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं डिस्कटूव्हीएचडी हे साधन आहे. नव्या ‘मशीन’मध्ये एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते, म्हणून मूळ सीडी आणि की जवळ ठेवा. यूएसबी लॉक आतपर्यंत पोचवता येतो. आतल्या एक्सपीचं नेट बंद ठेवायचं, हा नियम इथेही.

ज्यांना खरोखर लांब पल्ल्याचा विचार करायचा आहे त्यांच्यासाठी आम्हाला हाच मार्ग सगळ्यांत पसंत आहे. सगळं एका मोठ्या फाइलमध्ये मावतं, ती कॉपी केली की झालं.

गणिताच्या प्रश्नपत्रिका आहेत. नव्या वर्डमध्ये समीकरणं दिसतात, पण बदलता येत नाहीत.

जुन्या वर्डमधलं इक्वेशन एडिटर ३.० मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या त्रुटीमुळे काढून टाकलं. त्यात केलेली समीकरणं चित्रासारखी दिसतात, आत थेट हात घालता येत नाही. वर्ड २००३ मध्ये ती अजून बदलता येतात, पण त्रुटीही तिथेच आहे. म्हणून अनोळखी माणसाने मेलवर पाठवलेली फाइल त्या वर्डमध्ये उघडायची नाही. आपल्या प्रश्नपत्रिका उघडायला हरकत नाही.

ऑटोटेक्स्टमध्ये साठवलेले दस्ताचे नमुने नव्या मशीनवर कसे न्यायचे?

ते वर्डच्या ‘नॉर्मल डॉट’ फाइलमध्ये असतात. युजरच्या ॲप्लिकेशन डेटामध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स, तिथे सापडेल. ती फाइल कॉपी करा. नवीन मशीनवर वर्ड बंद असताना तिथल्याच जागी ठेवा. ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’ चार अक्षरांत उमटवायची तुमची सगळी सोय परत येते. संगणक फॉरमॅट करणाऱ्या पोराला हे माहीत नसतं, त्याला आधी सांगा.

फ्लॉपीतलं काही निघेल का?

साडेतीन इंची असेल तर यूएसबी ड्राइव्हने प्रयत्न करतो. पत्रा सरकवून आतल्या चकतीवर पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हही खराब होतो. सव्वापाच इंचीसाठी आमच्याकडे सोय नाही.

पेजमेकरच्या फाइलींचं काय?

पेजमेकर हा पानं मांडायचा प्रोग्रॅम २००४ पासून बंद आहे. ॲडोबीचं इनडिझाइन सीएस ६ पर्यंत त्याच्या फाइली उघडायचं, पुढचं नाही. मराठी फॉन्टचा घोळ वर लिहिलाय तोच.

बॅकअप किती ठेवायचे?

दोन वेगळ्या जागी, आणि त्यातली एक जागा दुसऱ्या इमारतीत. गोदाकाठच्या बाजारपेठेत २००८, २०१६ आणि २०१९ ला पाणी शिरलं. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं हे बघून व्यापारी माल हलवतात, पण टेबलाखालचा सीपीयू आणि त्याच्याच ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क कुणाच्या लक्षात राहत नाही. सराफ बाजारात दुकान असेल तर एक प्रत घरी, गंगापूर रोडला किंवा नाशिकरोडला, कुठेही, पण वर.

जुना वर्ड सोडायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

ज्यांना काम द्यायचं तेच तुमच्या फाइलीवर रोज तक्रार करायला लागले तर. दिवसातला मोठा वेळ लिहिण्याऐवजी फाइली इकडून तिकडे बदलण्यात जायला लागला तर. किंवा दुकानात तुमच्याशिवाय कुणालाच ते मशीन चालवता येत नसेल आणि काम थांबवणं परवडणारं नसेल तर. यातलं काही नसेल तर निवांत टाइप करत राहा.

तुमच्याकडे येताना काय आणू?

जुना सीपीयू, वायरी नकोत. मूळ सीडी आणि की असतील तर. लॉक, आठवणीने. ज्या फाइलीचं काम आहे तिची एक जुनी छापील प्रत, म्हणजे मराठी मूळ कसं होतं ते ताडून बघता येईल. कोर्टाच्या वेळेत गर्दी असते, सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर या.